मरण कोपऱ्यात, नांगर मधोमध: चित्र आणि कविता जोडीनं वाचून रसग्रहण कसं लिहावं

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी नागपूरच्या धरमपेठेत आमच्या घरी आठ-दहा जण जमतात. एक चित्र, एक कविता आणि त्यावर प्रत्येकाचं दोन पानी रसग्रहण, एवढाच कार्यक्रम. तर्री-पोहा संपला की वाचन सुरू होतं. एरवी चांगलं लिहिणारी माणसंही एका विषयावर हमखास घसरतात: आजूबाजूचं रोजचं जगणं नेहमीसारखं चालू असताना कोपऱ्यात घडणारं मरण. लेख कुठूनही निघो, तो एकाच वाक्यापाशी येऊन टेकतो: ‘माणूस किती निष्ठुर झाला आहे!’ हे वाक्य चित्र न बघता आणि कविता न वाचताही लिहिता येतं. अडचण तीच आहे.

खाली दिलेला क्रम आम्ही बऱ्याच चुका करून बसवला आहे. सरावासाठी नेदरलँड्सकडचा सोळाव्या शतकातला चित्रकार पीटर ब्रुगेल (थोरला) याच्या नावावर असलेलं, इकारस या ग्रीक पुराणकथेतल्या मुलाच्या पतनाचं निसर्गचित्र घेऊ आणि त्याच्यासोबत इंग्रजी कवी डब्ल्यू. एच. ऑडनची ‘म्यूझे दे बोझार’ (Musée des Beaux Arts) ही कविता. मग मराठीत येऊ. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. चूक बहुतेकदा क्रमातच होते.

पायरी १: टेबलावर काय हवं

चित्राची ए-फोर कागदावर रंगीत प्रिंट काढा. मूळ चित्र ब्रुसेल्सच्या शाही कलासंग्रहालयात आहे. तैलरंगातलं, कॅनव्हासवरचं, ७३.५ सेंटिमीटर उंच आणि ११२ सेंटिमीटर रुंद. आडव्या ए-फोरवर ते जवळजवळ पूर्ण बसतं. सोबत फूटपट्टी, शिसपेन्सिल आणि भिंग. भिंग नसेल तर फोनवर मोठं करून बघा, पण आधी कागदावर पूर्ण चित्र पाहून झाल्यावरच. कविता वेगळ्या कागदावर घ्या, एकाच बाजूला छापलेली, आणि समासात ओळींना क्रमांक घाला.

कविता पालथी ठेवा. ऑडन आधी वाचलात की ऑडनला दिसलं तेवढंच तुम्हाला दिसेल. आधी चित्र, मग मूळ गोष्ट, मग कविता.

> जपा: नेटवर या चित्राचे बरेचसे तुकडे कापलेले असतात आणि इकारसच्या पायांभोवती लाल वर्तुळ काढलेलं असतं. अशी प्रिंट वापरू नका. ते पाय शोधायला तुम्हाला जो वेळ लागतो, तोच तुमच्या लेखाचा कच्चा माल आहे.

पायरी २: चौकटी आखा

कागदावर आडव्या दहा आणि उभ्या दहा चौकटी आखा. शंभर झाल्या. आता मोजा. नांगऱ्या आणि त्याचा घोडा किती चौकटींत आहेत? जहाज किती? समुद्र आणि आकाश किती? आणि पाण्यात बुडणाऱ्या मुलाचे दोन पाय?

पायांनी एक चौकटसुद्धा भरत नाही. चित्राचं नाव ज्याच्या पतनावरून पडलं, त्याला शंभरातली एक चौकटही मिळालेली नाही. पुढच्या भागात लाल बाह्यांचा नांगऱ्या ऐसपैस उभा आहे. उजवीकडे शिडं फुगलेलं जहाज. त्या जहाजाच्या आणि किनाऱ्याच्या मधल्या पाण्यात पाय, आणि वर हवेत तरंगणारी थोडी पिसं.

मोजणी कोरडी वाटते, मान्य. आमच्याकडे एका बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “हे काय गणिताचं पुस्तक होय का?” पण हा सांगाडा आहे. मरणाला किती जागा दिली आणि कुठे दिली, यातूनच चित्रकार बोलत असतो. चेहऱ्यावरच्या भावांवरून बोलायची सोय त्यानं इथे ठेवलेलीच नाही. बुडणाऱ्याचा चेहरा दिसतच नाही.

हीच मोजणी उलट्या उदाहरणावर करून बघा, म्हणजे पटेल. महाराष्ट्रात गावोगावी वीरगळ उभे असतात. नेहमीचा वीरगळ खालून वर वाचायचा: खालच्या खणात पडलेला वीर, त्याच्यावर लढाई, मग अप्सरा त्याला नेताना, त्यावर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर सूर्य-चंद्र. तिथे अख्खा दगड मरणासाठीच घडवलेला असतो. ब्रुगेलनं अख्खा कॅनव्हास जगण्याला दिला. वीरगळावरचे सूर्य-चंद्र लक्षात ठेवा, पायरी ६ मध्ये ते परत येतील.

पायरी ३: नजरांची यादी करा

चित्रातल्या प्रत्येक जिवापुढे एकच गोष्ट लिहा: तो कुठे बघतो आहे?

नांगऱ्या खाली, तासाकडे. मेंढपाळ काठीवर रेलून वर आकाशात. मासे धरणारा पाण्याकडे, पण आपल्या गळाच्या बाजूला. जहाजावरची माणसं आपल्या कामात. मेंढपाळाचं कुत्रं आणि मेंढ्या आपल्या जागी. मासे धरणाऱ्याजवळच्या फांदीवर एक तितर बसला आहे, तोही लिहा. बहुतेकांच्या यादीतून तो सुटतो.

आता भिंग घ्या आणि घोड्याच्या पलीकडे, डाव्या हाताच्या झाडीत बघा. तिथे एका म्हाताऱ्या माणसाचं फिकट डोकं दिसतं. तो पडलेला आहे, मेलेला. म्हणजे या चित्रात एकच मरण नाही. मरणाऱ्या माणसासाठी नांगर थांबत नाही, अशा अर्थाची म्हण त्या प्रदेशात होती, आणि अभ्यासक या प्रेताचा संबंध तिच्याशी जोडतात.

> तपासा: तितर आणि झाडीतलं प्रेत, दोन्ही तुमच्या यादीत आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका, परत बघा. चित्र पाहिल्याशिवाय लिहिलेलं रसग्रहण ओळखायची आमची ही साधी चाचणी आहे.

पायरी ४: मूळ गोष्ट वाचा आणि चित्रकारानं काय बदललं ते लिहा

गोष्ट रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फसीस’ या काव्याच्या आठव्या भागात आहे. डेडॅलस आणि त्याचा मुलगा इकारस मेणानं जोडलेले पंख लावून उडतात. मुलगा सूर्याच्या फार जवळ जातो, मेण वितळतं आणि तो समुद्रात पडतो.

चित्रातले तिघेही, म्हणजे नांगऱ्या, मेंढपाळ आणि मासे धरणारा, ओव्हिडच्या कथेतूनच आले आहेत. फक्त तिथे ते थक्क होऊन वर बघतात आणि हे उडणारे देवच असावेत असं त्यांना वाटतं. मात्र ओव्हिडचे लोक बघतात ते उडताना, पडताना नव्हे. हा बारकावा सोडू नका, नाहीतर ‘ओव्हिडमध्ये लोकांना दया आली, ब्रुगेलमध्ये आली नाही’ असं चुकीचं लिहून बसाल. दया ओव्हिडमध्येही कोणी केलेली नाही. ब्रुगेलनं आश्चर्य काढून घेतलं, एवढंच नेमकं म्हणता येतं.

तितरही तिथलाच. डेडॅलसनं आपल्या हुशार भाच्याला उंचावरून ढकलून दिलं आणि पडता पडता त्याचा पक्षी झाला. इकारसला पुरताना तो पक्षी आनंदानं पंख फडफडवतो, असं ओव्हिड सांगतो. म्हणजे त्या फांदीवर बसलेला जीव अजिबात उदासीन नाही, त्याचा जुना हिशेब आहे. कवितेत तो येत नाही. तुमच्या लेखात येऊ शकतो.

आणखी एक: सूर्य क्षितिजाला टेकलेला आहे. मग मेण वितळलं कशानं? उत्तर देऊ नका, प्रश्न नोंदवून ठेवा. हे चित्र ब्रुगेलच्या स्वतःच्या हातचं आहे की त्याच्या हरवलेल्या चित्राची नक्कल, याबद्दलही अभ्यासकांना शंका आहे. त्यामुळे ‘ब्रुगेलचा हा फटकारा बघा’ अशी वाक्यं टाळलेली बरी.

पायरी ५: दुर्लक्षाचे प्रकार वेगळे करा

या पायरीवर घाई केली तर बाकीची मेहनत पाण्यात जाते, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

मीही कित्येक वर्षं बेधडक लिहीत होतो की नांगऱ्या मरणाकडे पाठ फिरवतो. एकदा बैठकीला काटोलकडचे एक शेतकरी गृहस्थ आले होते. चित्र बघून म्हणाले, “सर, तो पायल कसा? मागं पायलं तं तास वाकडं जाते ना.” सगळे हसले. मी घरी जाऊन माझा जुना लेख काढला आणि फाडला.

तेव्हापासून आम्ही ‘दुर्लक्ष’ हा एकच शब्द वापरायचं सोडलं. त्याऐवजी चार शब्द ठेवले, आणि चित्रातल्या प्रत्येकापुढे त्यातला एक लिहायचा.

*बेखबर:* ज्याला कळलंच नाही. नांगऱ्या बहुधा इथे. मेंढपाळही इथेच, कारण तो भलतीकडेच बघतो आहे.

*नाइलाज:* कळलं, पण हात सोडता येत नाही. विदर्भातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. जमिनीला वापसा आला की पेरणीला दिवस मोजून मिळतात. शेजारच्या घरी मयत झाली तरी सकाळी तिरडीला खांदा देऊन दुपारी तिफण धरणारी माणसं आपण पाहिली आहेत. त्यांना निष्ठुर म्हणायची हिंमत आहे कोणाची?

*बेपर्वा:* कळलं, थांबता आलं असतं, थांबले नाहीत. ऑडन जहाजाला इथे बसवतो.

*सवय:* रोजच बघतो, म्हणून आता उठून उभं राहवत नाही. हा प्रकार या चित्रात ठळक नाही, पण मराठी उदाहरणांत आणि रस्त्यावर भरपूर सापडेल.

> जपा: एखाद्यापुढे दोन शब्द लिहावेसे वाटले तर दोन्ही लिहा. शंका खोडू नका. मासे धरणाऱ्याबद्दल आमचं अजून ठरलेलं नाही. तो इतका जवळ आहे की पाण्याचा आवाज त्याला ऐकू यायलाच हवा.

पायरी ६: आता कविता, आणि तीही क्रमानं

ऑडननं ही कविता १९३८ च्या डिसेंबरात ब्रुसेल्सला असताना लिहिली. २१ ओळी आहेत. आता पालथा कागद उलटा आणि तीन खुणा करा.

पहिली खूण: इकारसचं नाव कोणत्या ओळीत येतं? चौदाव्या. त्याआधीच्या तेरा ओळींत जुन्या चित्रकारांना दुःखाची जागा कशी कळली होती हे सांगणं आहे. कुणी जेवत असतं, कुणी खिडकी उघडत असतं, हौतात्म्य कुठल्यातरी कळकट कोपऱ्यात पार पडतं, कुत्री आपलं कुत्र्यांचं आयुष्य जगत राहतात आणि छळ करणाऱ्याचा घोडा झाडाला ढुंगण घासतो. नंतर इकारस येतो, तोही ‘उदाहरणार्थ’ म्हणून. चित्रकारानं मरण कोपऱ्यात ठेवलं, तर कवीनं ते उदाहरणाच्या जागी ठेवलं. तुमच्या लेखाचा सांधा मिळाला.

दुसरी खूण क्रियापदांखाली करा. नांगऱ्यानं पाण्याचा आवाज ऐकला ‘असेल’. जहाजानं आकाशातून पडणारा मुलगा पाहिला ‘असणारच’, पण त्याला कुठेतरी पोहोचायचं होतं आणि ते शांतपणे पुढे गेलं. बेखबर आणि बेपर्वा यांतला फरक ऑडननं क्रियापदातच केला आहे. भाषांतर वाचत असाल तर ही दोन क्रियापदं मूळातून ताडून घ्या. भाषांतरात ती अनेकदा एकसारखी होऊन जातात.

तिसरी खूण: चित्रात असून कवितेत नसलेलं. तितर, झाडीतलं प्रेत, मेंढपाळ. कवितेनं यांना वगळलं याचा अर्थ कवीची चूक झाली असा नाही. मात्र ‘कविता म्हणजे चित्राचं वर्णन’ हे वाक्य तुमच्या लेखातून बाद झालं.

वेळ असेल तर अमेरिकन कवी विल्यम कार्लोस विल्यम्सची याच चित्रावरची कविता शेजारी ठेवा. तीन-तीन ओळींची सात कडवी, म्हणजे तिथेही २१ ओळी, आणि विरामचिन्ह एकही नाही. दोन्हींत २१ ओळी आहेत यावरून सिद्धांत मांडू नका, हा मोह बऱ्याच जणांना होतो. त्यापेक्षा हे बघा: ऑडन बुडणं सांगून झाल्यावर जहाजावर संपवतो, विल्यम्स थेट बुडण्यावर संपवतो. शेवटी वाचकाच्या डोळ्यांसमोर काय उरतं, ते दोघांत वेगळं आहे.

मग मराठी. इथे पहिली अडचण निवडीची येते. मरण आलं की लोक तुकोबांचं ‘आपुले मरण पाहिले म्यां डोळां’ घेऊन येतात. थोर अभंग आहे, पण तिथलं मरण अनुभवाचा सोहळा आहे, जगाचं दुर्लक्ष नव्हे. इथे चालणार नाही. निवडीची कसोटी सोपी: कवितेत मरणाव्यतिरिक्त चालू असलेलं दुसरं काम दिसतं का?

या कसोटीला भा. रा. तांबे (१८७३–१९४१) यांची ‘जन पळभर म्हणतील हाय हाय’ पुरेपूर उतरते. सूर्य तळपतील, मेघ वर्षतील, शेतं पिकतील, सखेसोयरे डोळे पुसून पुन्हा आपल्या कामी लागतील. इथे नांगर आहे, सूर्य आहे, जहाजाऐवजी सोयरे आहेत. पण बोलतंय कोण? इकारस! ज्याला जायचं आहे तोच आपल्या पश्चात चालू राहणाऱ्या जगाचं चित्र काढतो आहे. ऑडनच्या कवितेत मरणारा गप्प आहे, बघणारा बोलतो. तांब्यांच्या कवितेत बघणारा कोणी नाहीच. म्हणून तिथे दुर्लक्षाची तक्रार टिकत नाही, आणि शेवटच्या कडव्यात अशा जगासाठी कशाला कुढायचं, असं म्हणत ती शांतीकडे वळते. ही कविता बहुतेकांच्या कानात लताबाईंच्या आवाजात असते आणि त्या चालीच्या गोडव्यात ‘उठतील बसतील हसुनि खिदळतील’ यातला खिदळण्याचा बोचरेपणा निसटतो. गाणं बंद करून कविता मोठ्यानं वाचा.

आणि ते सूर्य-चंद्र. वीरगळाच्या माथ्यावर ते कोरलेले असतात कारण चंद्र-सूर्य असेतो या माणसाची आठवण राहावी. तांब्यांकडे तेच सूर्य-चंद्र पुढे चालू राहतात आणि आठवण राहत नाही. साक्षीदार तेच, साक्ष उलटी.

मर्ढेकरांची ‘पिपात मेले ओल्या उंदिर’ घ्यायची असेल तर जपून. तिथे मरणारेच कोपऱ्यात ढकलले गेलेले आहेत आणि बघणारा आवाजही थंड आहे. इकारसच्या चौकटी तिच्यावर जशाच्या तशा बसत नाहीत. पहिल्या सरावाला नको.

पायरी ७: एक तास रस्त्यावर

लोक ही पायरी टाळतात आणि मग लेख पुस्तकी होतो. मोक्षधामाकडे जाणाऱ्या घाट रोडवर, अंबाझरी घाटाच्या वाटेवर किंवा गंगाबाई घाटाच्या बाजूला एखाद्या चहाच्या टपरीवर बसा. घाटाच्या आत जायचं नाही. फोटो काढायचे नाहीत. कोणाच्या मागे चालायचं नाही, कोणाला काही विचारायचं नाही. अंत्ययात्रा किंवा स्वर्गरथ जाईल तेव्हा रडणाऱ्यांकडे बघू नका. आजूबाजूच्यांचे हात बघा. कोणाचे हात थांबले, किती वेळ, आणि थांबण्याआधी काय करत होते, एवढंच वहीत लिहा.

माझ्या वहीतली एक नोंद देतो, नमुना म्हणून: “पंक्चरवाला. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवलेली. ‘राम नाम सत्य है’ ऐकून ट्यूब बाहेर काढली, उभा राहिला, ओल्या हातानंच नमस्कार. गाडी गेल्यावर ट्यूब परत पाण्यात, बुडबुडे शोधायला. गिऱ्हाईक पूर्ण वेळ फोनवर.”

पंक्चरवाला कुठल्या शब्दाखाली जाईल? आम्ही ‘सवय’ लिहिलं, मग खोडलं. दिवसातून कितीदा तरी त्याच रस्त्यानं मयत जाते आणि तरी तो प्रत्येक वेळी उठतो. चार शब्द पुरले नाहीत तर पाचवा शोधा. आम्ही अजून शोधतो आहोत.

> तपासा: नोंदीत ‘बिचारा’, ‘निर्विकार’, ‘यंत्रवत’ यांपैकी शब्द आला का? आला असेल तर तुम्ही बघणं सोडून निकाल द्यायला लागलात. तो शब्द काढा आणि त्या जागी हातानं काय केलं ते लिहा.

पायरी ८: लिहायला बसणं

मांडणीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सुरुवात चित्रातल्या एका बारकाव्यानं करा, मरणाच्या व्याख्येनं नको. नजरांची यादी पूर्ण देऊ नका, तीन नजरा पुरे. चित्राचा परिच्छेद आणि कवितेचा परिच्छेद अशी वाटणी टाळा, एकाच परिच्छेदात कोपरा आणि ‘उदाहरणार्थ’ शेजारी आणून ठेवा. रस्त्यावरची नोंद घालायची असेल तर तीन ओळींपेक्षा जास्त नको, नाहीतर तीच लेख खाऊन टाकते.

नेहमीच्या चुका मात्र सांगतो. एक, ‘जीवनाची क्षणभंगुरता’. हा विषय आयुष्य किती छोटं आहे याचा नाही. चालू काम किती मोठं आहे, याचा आहे. दोन, अवतरणांचा ढीग. बहिणाबाई, सुरेश भट, गीता, सगळे एका पानात. एका स्पर्धेसाठी मी स्वतः असा लेख पाठवला होता, नऊ अवतरणं होती. परीक्षकांनी समासात फक्त लिहिलं: “आपण कुठे आहात?” तीन, चित्रातल्या लोकांच्या जागी ‘आजचा समाज’ बसवणं. सोळाव्या शतकातल्या नांगऱ्याला मोबाइलच्या व्यसनाबद्दल रागावून काय मिळणार? चार, मरणाऱ्यालाच विसरणं. दुर्लक्षाबद्दल दोन पानं लिहिताना लेखकच त्या पोराचं नाव एकदा घेतो आणि पुढे जातो. लेखात इकारस किती वेळा येतो ते मोजा. मुद्दाम कमी ठेवला असेल तर ठीक, नकळत झालं असेल तर तुम्हीही जहाजात बसलात.

लेख झाला की एक रात्र जाऊ द्या. सकाळी मोठ्यानं वाचा, घरातल्या कोणाला तरी ऐकवा. मग शेवटच्या परिच्छेदावर या. तिथे ‘आज आपण सर्वांनी अंतर्मुख होण्याची गरज आहे’ किंवा या वाक्याची सख्खी बहीण बसलेली असेल. ते वाक्य खोडा. त्याच्या आधीचं वाक्य बघा. बहुतेक वेळा लेख तिथेच संपलेला असतो.